गोड मोगरा, शांत माणूस

नवी मुंबईत वाशीच्या एखाद्या मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरजवळ पाच मिनिटं उभं राहिलं तरी एक प्रश्न हमखास कानावर येतो: "हा जेंट्समध्येच आहे ना?" वास आवडलेला असतो, कागदी पट्टी तिसऱ्यांदा नाकाशी गेलेली असते, पण खोक्यावर काय छापलंय यावर खरेदी अडते. गोड, फुलांचा वास बायकांचा आणि लाकूड, लिंबू, चामड्याचा वास पुरुषांचा, ही वाटणी डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की नाकाला पसंत पडलेली बाटली माणूस मुकाट्याने जागेवर ठेवून देतो. गोड फुलांचा युनिसेक्स परफ्यूम घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, पण आपल्याला तो शोभेल का म्हणून जे थांबले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली गोष्ट, ही वाटणी आपल्याकडची नाही. लग्नाच्या मांडवात दाराशी उभं राहून गुलाबपाणी शिंपडतात, हाताच्या मागच्या बाजूला अत्तराचं बोट फिरवतात, तेव्हा व्याही आणि विहीणबाई दोघांनाही एकाच अत्तरदाणीतलं अत्तर लागतं. कानाच्या पाळीत अत्तराचा फाया ठेवणारे आजोबा अनेक घरांत होऊन गेले. त्या फायात हिना असे, गुलाब असे, मोगराही असे. आणि त्यात कुणाला काही बायकी वाटत नसे. वारीत बुक्का लागतो तो विणेकऱ्याच्या कपाळाला आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या माउलीच्याही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर दवणा वाहतात, त्याचा गोडसर, थोडा फळांसारखा दरवळ यात्रेतल्या प्रत्येकाच्या अंगाला लागतो. याच दवण्याचं तेल आज जगभर परफ्यूममध्ये वापरतात, आणि प्रत्येकाच्या त्वचेवर ते वेगळं उमलतं असा त्याचा लौकिक आहे.

सुगंधाचं शास्त्रही आपल्याकडे जुनं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्या जोडीचा 'गंधवाद' हे सुगंधद्रव्यांवरचे ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. यातल्या 'गंधवादा'ला मराठी टीका आहे. सुगंध कसे बनवावेत, हे मराठीत समजावून सांगणारा कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अलीकडचं उदाहरण नवी मुंबईच्या शेजारीच आहे. ऐरोलीचा पूल ओलांडला की मुलुंड. तिथली एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ सालापासून या धंद्यात आहे, आणि 'केवा' हे तिचं नाव उद्योगात सर्वांना ठाऊक आहे. साबण, उदबत्ती, पावडर यांच्या कारखान्यांना लागणारे सुगंध अशा कंपन्या बनवून देतात, त्यामुळे बाटलीवर नाव न वाचताही त्यांचं काम आपल्या न्हाणीघरापर्यंत पोचलेलं असतं. पनवेलच्या पुढे रायगड जिल्ह्यातही या कंपनीचा कारखाना आहे. मुलुंडच्याच वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालतो. ज्यांच्या मुलाला किंवा मुलीला रसायनशास्त्र आवडतं आणि नाक तल्लख आहे, त्यांनी हा रस्ता जरूर पाहावा.

परदेशातली भिंतही आता पक्की राहिलेली नाही. १९६६ साली द्यॉरने 'ओ सोवाज' हा पुरुषांसाठीचा परफ्यूम काढला. त्याच्या ताज्या, मोकळ्या वासात जाईच्या कुळातलं हेडिओन हे द्रव्य होतं. म्हणजे त्या काळच्या सर्वांत 'मर्दानी' बाटल्यांपैकी एकीत जाईचा अंश होता. १९९४ साली कॅल्विन क्लाइनचा 'सीके वन' आला, तो उघडपणे दोघांसाठी. १९९५च्या 'ल माल'मध्ये व्हॅनिलाची भरपूर गोडी आहे आणि तो पुरुषांच्या फळीवर विकला जातो. २०१५ पासून गाजत असलेल्या 'बकारा रूज ५४०'मध्ये जाई, केशर आणि देवदाराच्या जातीचं लाकूड आहे. गोड आहे, महाग आहे, आणि स्त्री-पुरुष दोघंही तो लावतात. आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या 'बॉम्बे परफ्युमरी'ने मदुराईच्या मोगऱ्यावर 'मदुराई टॉकीज' केला. त्यांनीही तो बायकांचा की पुरुषांचा हे ठरवलं नाही.

आता मुद्द्याकडे. गोड फुलांचा सुगंध कुठल्या स्वभावाच्या माणसाला शोभतो?

माझं मत स्पष्ट आहे. तो शांत पण ठाम माणसाला सर्वांत जास्त शोभतो. वर्गात आवाज न चढवता मुलांना गप्प करणारे मास्तर, बँकेच्या काउंटरवर म्हाताऱ्या खातेदाराचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारी अधिकारी, रुग्णाच्या नातेवाइकांशी हळू आवाजात बोलणारा परिचारक. अशा माणसांजवळ लोक आपण होऊन येतात, आणि गोड फुलांचा वास हा मुळात जवळून घ्यायचा वास आहे. तो खोलीभर घोषणा करायला लागला की त्याची सगळी खुमारी जाते. ज्याचं बोलणं मोजकं, त्याच्या अंगावर मोगरा आणि चंदन एक प्रकारची ऊब आणतात. समोरच्याला वाटतं, या माणसाशी बोलायला हरकत नाही.

उलट ज्यांची उपस्थितीच मोठी आहे, जे आत शिरताच सगळ्यांना कळतं, हसणं मोठं, हातवारे मोठे, त्यांनी हा प्रकार टाळावा असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी गोडी कमी असलेला निवडावा. फुलांबरोबर संत्र्याची साल, हिरवा चहा, वाळा असं काही असेल तर छान. गोड वास आणि मोठा आवाज एकत्र आले की समोरच्याला जड होतं.

लाजाळू माणसांसाठी एक वेगळी सूचना. तरुण मुलगा आहे, नुकती महापे किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली आहे, मोगरा मनापासून आवडतो पण मित्र काय म्हणतील ही धास्ती आहे. त्याने फूल मध्यावर आणि लाकूड तळाशी असलेला परफ्यूम घ्यावा: मोगरा-चंदन, गुलाब-अगर, निशिगंध-वाळा. पहिल्या तासात फूल फक्त त्याला स्वतःला आणि अगदी शेजारी बसलेल्याला कळेल. दुपारनंतर उरेल ते चंदन. आठवड्याभरात धास्ती जाते. मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने खरी आहे. 'लेडीज' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्या नुसत्या साखरेच्या असतात. ज्या मुलीला त्याचा कंटाळा आला आहे तिला युनिसेक्स फळीवर फुलाला वजन देणारे वास सापडतात.

राशीवरून, रक्तगटावरून, आवडत्या रंगावरून सुगंध सुचवणारे तक्ते सगळीकडे फिरतात. त्यांच्यावर पैसे घालू नका. तुमचा दिवस कसा जातो, किती लोकांच्या किती जवळ जातो आणि त्यांच्याशी तुम्ही कसे वागता, एवढ्यावर निवड करा.

गोडी कुठून येते हे कळलं की निवड सोपी होते. मोगऱ्याची कळी पहाटे खुडतात, ती संध्याकाळी उमलते आणि खुडल्यानंतरही वास सोडत राहते, म्हणून गजरा रात्री जास्त दरवळतो. त्या वासात मधासारखी गोडी आहे, हिरवेपणा आहे आणि खोलवर इंडोल नावाच्या द्रव्याचा किंचित उग्र, अंगासारखा वास आहे. ही उग्रता काढून टाकली की मोगरा साबणासारखा सपाट होतो. सोनचाफ्यात पिकल्या फळाची झाक असते, निशिगंध लोण्यासारखा दाट असतो. वसईकडचा चाफा आणि मोगरा पहाटे दादरच्या फुलबाजारात येतो. एकदा सकाळी तिथे जाऊन ही फुलं शेजारी शेजारी हुंगून पाहा. त्यानंतर परफ्यूमच्या बाटलीतला मोगरा किती खरा आहे हे तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

फुलाच्या स्वतःच्या गोडीवर परफ्यूम बनवणारे आणखी गोडी चढवतात. व्हॅनिलीनने आइस्क्रीमसारखी, कुमारिनने वाळलेल्या गवतासारखी आणि बदामासारखी, इथाइल माल्टॉलने साखरेच्या पाकासारखी. यातलं तिसरं द्रव्य जपून. ते स्वस्त गोड परफ्यूममध्ये सढळ हाताने घातलेलं असतं. काउंटरवर, एसीच्या गारव्यात ते फार लोभस वाटतं, आणि मे महिन्यात नेरूळ स्टेशनच्या पुलावर डोकं चढवतं. पट्टीवर पहिल्या क्षणी जत्रेतल्या बुढ्ढी के बालची आठवण झाली, तर तो परफ्यूम डिसेंबरसाठी ठेवा.

कारण आपली हवा. खाडीच्या काठावरची नवी मुंबई जवळजवळ वर्षभर दमट असते. उष्णतेने सुगंध त्वचेवरून लवकर उडतो, म्हणजे सुरुवातीला दुप्पट जाणवतो आणि लवकर संपतो. दमट हवेत तो नाकाला अधिक तीव्र लागतो. त्यात हार्बर लाइनचा डबा. पनवेलहून सीएसएमटीला पोचायला सव्वा तासाहून जास्त लागतो आणि तेवढा वेळ दुसऱ्याचं नाक तुमच्या खांद्याशी असतं. त्या डब्यात कुणाला दमा असतो, कुणाची अर्धशिशी वासाने उठते, कुणाला दिवस गेलेले असतात आणि गोड वासाने मळमळतं. म्हणून कामाच्या दिवशी गोड फुलांच्या परफ्यूमचे दोन फवारे पुरेत: एक छातीवर, शर्टाच्या आत, आणि एक मानेच्या मागे. ईडीपी (ओ द पर्फ्यूम) असेल तर एकच. ईडीटीमध्ये (ओ द त्वालेत) सुगंधी द्रव्य साधारण ५ ते १५ टक्के आणि ईडीपीमध्ये १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा बाटलीवरची ही अक्षरं वाचूनच बोट दाबा. त्याहून उत्तम उपाय म्हणजे पाच-दहा मिलिलिटरची छोटी कुपी बॅगेत ठेवणं आणि ऑफिसात पोचल्यावर, घाम पुसून, मग लावणं. गाडीत ज्यांना तुमचा वास सोसावा लागला नाही ते मनातल्या मनात तुमचे आभार मानतील.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. अर्धवट वाळलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यावर गोड परफ्यूम मारला तर दोन्ही मिळून काहीतरी विचित्र तयार होतं. जून ते सप्टेंबर कपड्यावर नको, फक्त अंगावर, आणि आंघोळीनंतर पूर्ण कोरडं झाल्यावर. हलकी फुलं घ्या, पाक नको. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने मात्र या सुगंधाचे खरे महिने. पाम बीच रोडवर संध्याकाळी थोडा वारा असतो, लग्नसराई असते, आणि व्हॅनिला, चंदन, निशिगंध असं जे जे दाट ते सगळं अंगावर छान बसतं.

खरेदीची पद्धत थोडी सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच फुकट जातात. शनिवारी दुपारी वाशीच्या इनऑर्बिटला किंवा सीवूड्सच्या मॉलला जा. त्या दिवशी घरून काहीही लावून जाऊ नका, सुवासिक टाल्कसुद्धा नको. पट्टीवर चार वास घ्या, त्याहून जास्त नको, नाक थकतं. मध्ये मध्ये स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घेतला की ते पुन्हा ताळ्यावर येतं. चारांतला एक मनगटाच्या आत लावा आणि दुकानातून बाहेर पडा. मनगटं एकमेकांवर घासू नका, घासल्याने वरचा नाजूक थर लगेच उडतो.

आता फक्त लक्ष द्यायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबूवर्गी, फळांचा, थोडा स्पिरिटचा असा चटकदार वास येईल. विक्रेता याच क्षणावर बाटली विकतो, म्हणून या क्षणाला भुलू नका. तुम्ही चहा पिऊन स्टेशनवर येईपर्यंत फूल वर आलेलं असेल. मोगरा असेल तर तो आता भरीव होईल. साबणासारखा वाटला तर समजा की त्यात फुलाचं काम कमी आहे. ट्रान्स हार्बरने ठाण्याला जाऊन आलात, डब्यात थोडा घाम आला, तर फारच चांगलं, कारण तुमच्या घामाशी त्याचं जमतं की नाही हे आत्ताच कळेल. काही त्वचांवर गोडी आंबटते. तसं झालं तर तो परफ्यूम कितीही नावाजलेला असो, तुमचा नाही. रात्री जेवण झाल्यावर, चार-पाच तासांनी, मनगट पुन्हा नाकाशी न्या. उरलेलं लाकूड, कस्तुरीसारखी ऊब, चंदन, व्हॅनिला हाच तुमचा रोजचा सोबती असणार आहे. तो आवडला तरच दुसऱ्या दिवशी जाऊन बाटली घ्या. घरातल्या कुणाला तरी विचारा, "आज माझ्याजवळ बसून बरं वाटलं का?" 'वास कसा आहे' असं विचारलं की लोक परीक्षकासारखे बोलू लागतात.

त्वचा संवेदनशील असेल तर मनगटाऐवजी कोपराच्या आत एक थेंब लावून एक दिवस थांबा. लाली, खाज आली तर तो विषय संपला. फुलांच्या सुगंधातलं लिनालूल आणि लिंबूवर्गीयांतलं लिमोनीन काहींना सहन होत नाही, आणि खोक्यावरच्या घटकांच्या यादीत ही नावं बहुधा बारीक अक्षरात सापडतात.

ज्यांना स्पिरिट चालत नाही किंवा बजेट कमी आहे त्यांनी अत्तराकडे यावं. मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीच्या आसपास अत्तरवाल्यांची दुकानं आहेत. तिथे काचेच्या कांडीने हातावर थेंब लावून देतात आणि घाई करत नाहीत. जुन्या पद्धतीचं अत्तर उत्तर प्रदेशात कनौजला बनतं: तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी, वर झाकण लिंपलेलं, बांबूच्या नळीतून वाफ खालच्या भपक्यात जाते आणि तिथल्या चंदनतेलात सुगंध मुरतो. चंदनतेल फार महाग झाल्याने आज बहुतेक अत्तरांचा तळ दुसऱ्याच स्वस्त तेलाचा असतो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, "बेस कशाचा आहे?" चांगला दुकानदार सरळ उत्तर देतो. काहीशे रुपयांत अस्सल चंदनातला मोगरा मिळत नाही, पण त्या पैशांत स्वच्छ, बऱ्यापैकी टिकणारा मोगरा मिळू शकतो, आणि रोजच्या वापराला तो पुरतो. अत्तराचा एक थेंब कानामागे, बस. वर स्प्रे नको.

रेशमावर आणि जरीवर स्प्रे किंवा अत्तर थेट कधीही मारू नका. पैठणीवर पडलेला तेलाचा डाग सहजी निघत नाही. मोत्यांनाही स्पिरिट सोसत नाही, तेव्हा आधी परफ्यूम, तो वाळल्यावर साडी आणि सगळ्यात शेवटी तन्मणी. पांढऱ्या सदऱ्यावर गडद रंगाच्या अत्तराचे डाग पडतात. लावायचंच असेल तर सदऱ्याच्या आत, अंगावर.

बाटली बाथरूममध्ये, खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ऊन आणि दमटपणा यांनी फुलांचे सुगंध सर्वांत आधी बिघडतात. कपाटात, अंधाऱ्या कप्प्यात, शक्यतो तिच्या खोक्यातच ठेवा. वास आंबूस झाला, रंग एकदम गडद झाला, तर फेकून द्या. रस्त्यावर किंवा ऑनलाइन निम्म्या किमतीत नावाजलेला परफ्यूम मिळत असेल, तर तो बहुधा नकली असतो. त्यात नेमकं काय आहे हे कळायला मार्ग नाही, आणि ते तुम्ही गळ्यावर लावणार असता.

कुणाला भेट द्यायचा विचार असेल, नवऱ्याला, बहिणीला, निवृत्त होणाऱ्या सरांना, तर शंभर मिलिलिटरची बाटली नको. दहा मिलिलिटरचे दोन वेगळे घ्या, एक जास्त गोड आणि एक लाकडाकडे झुकलेला, आणि त्यांना महिनाभर दोन्ही वापरू द्या. ज्याची कुपी आधी संपेल, त्याची मोठी बाटली मग त्यांच्या वाढदिवसाला आणा.